नागड्या गाड्यांची चाकं

आमच्या कारखान्यातल्या बैलगाड्यांना कल्याणात लोक नागड्या गाड्या म्हणायचे. नाव प्रेमाने पडलेलं नव्हतं. आमची माणसं आधी पेठेतल्या ज्या शेठकडे कामाला होती, त्याच्या गाड्यांवर कोरलेले मोर असत, पितळी फुलं असत, लाल-हिरवा रंग आणि बसायला गादी असे. आमच्या गाडीला यातलं काहीच नव्हतं. साग, बाभूळ, चाकाभोवती धाव म्हणजे लोखंडी कडं आणि वरून तेलाचा एक हात, झाली गाडी. सगळ्या एकाच मापाच्या, म्हणून एकीचं चाक दुसरीला बसायचं. भात, मीठ, गवत वाहणाऱ्या माणसाला परवडेल अशी गाडी करायची, एवढंच ठरवून चौघं जण शेठकडून बाहेर पडले आणि खाडीकाठी छप्पर घालून बसले.

त्या चौघांत एक म्हातारे सुतार होते, त्यांना सगळे बाबा म्हणत. दुसरा सुतार आंबिवलीचा, हाताला वेगवान आणि जिभेला तिखट. तिसरा माझा नवरा, लोहार. चौथा त्याचा चुलतभाऊ, तोही लोहार, माझा धाकटा दीर. मालक कोणी नव्हता, किंवा चौघंही मालक होते. जो काम करील त्याचा हिस्सा, आणि सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय काही करायचं नाही, असं तोंडीच ठरलं होतं. मी भाता ओढायची, घण मारायची, धाव चढवताना पाणी ओतायची. पण माझी गणती नवऱ्यात होत होती.

कारखाना चांगला चालायला लागला आणि पटकीच्या साथीत नवरा गेला. दोन दिवसांत माणूस संपला. तेराव्यानंतर मी पुन्हा भात्यावर जाऊन बसले, तेव्हा प्रश्न निघाला की त्याच्या हिश्शाचं काय करायचं. आंबिवलीचा सुतार माझ्या तोंडावर म्हणाला की हिस्सा कामाचा असतो, नात्याचा नसतो; वहिनींना मदत करू, पण मालकीत बाई कशाला. भावजी म्हणजे माझा दीर माझ्या बाजूने उभा राहिला. त्याने विचारलं की भाता ओढणं हे काम नाही का, मग आम्ही लोखंड कशावर तापवतो. शेवटी बाबा म्हणाले, सूनबाई काम करते, तर हिस्सा तिचा. आंबिवलीकर हो म्हणाला, पण नाइलाजाने, हे मला दिसत होतं. त्या दिवसापासून मी भावजीला पाठीराखा मानलं आणि त्या सुताराशी कामापुरतं बोलायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात, मिठाचा हंगाम ऐन भरात असताना, ठाण्याजवळच्या बाळकुमचे दोघं जण होडीने आमच्या धक्क्याला लागले. बरोबर त्यांनी गोणपाटात गुंडाळलेला चाकाचा तुंबा आणला होता. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला लाकडी गड्डा, ज्यात सगळे आरे रोवलेले असतात. तो उभा चिरलेला होता. मिठाने भरलेली गाडी मिठागराच्या बांधावर चढत असताना चाक मोडलं होतं आणि गाडी कलंडली ती त्यांच्या धाकट्या भावाच्या पायावर. पाय मांडीपासून ठेचला गेला होता. माणूस जगेल की नाही हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. तुंबा आमच्यापुढे टाकला आणि उभे राहिले.

बाबांनी तुंबा उचलला, चिरेत बोट घातलं, नाकाशी नेला आणि खाली बसले. बाभूळ आतून ओली होती. बाहेरून वाळलेली, ठणठणीत वाजणारी, पण आत ओल धरून होती. ते खोड आम्ही पावसाळ्यानंतर घेतलं होतं आणि त्याचे तुंबे घातलेल्या चारही गाड्या बाळकुमातच गेल्या होत्या. म्हणजे आणखी तीन गाड्या त्याच बांधावरून रोज मीठ वाहत होत्या.

पाहुणे गेल्यावर आम्ही चौघं छपराखाली बसलो. भावजी म्हणाला की एक चाक मोडलं म्हणून सगळी मोडतील असं नाही. आपण आपल्या तोंडाने तीन गाड्या खोट्या म्हणून सांगायला गेलो, तर ठाण्यापासून कल्याणपर्यंत आपली एक गाडी कोणी घेणार नाही, आणि पेठेतला शेठ पेढे वाटील. तो चुकीचं बोलत नव्हता. आंबिवलीकर म्हणाला, दुसरा माणूस चिरडला तर? मग बाबांनी एकेकाला विचारलं. मी जायचं म्हटलं. भावजीने सगळ्यात शेवटी मान हलवली.

ओहोटी लागताच आम्ही तिघं होडीत बसलो. बाबांना दुखऱ्या गुडघ्यांमुळे नेलं नाही. कळव्याच्या समोरून जाताना भावजी म्हणाला की बोलणं मी करीन. आंबिवलीकर म्हणाला, कोणीही कर, पण खरं ते सांग.

बाळकुमात आम्ही गाड्या थांबवा म्हटल्यावर काय होईल याचा मला अंदाज नव्हता. मीठ पडून होतं, पावसाच्या आत ते धक्क्याला पोचवायचं होतं, आणि गाड्या थांबवल्या तर सगळा हंगाम वाया. जखमी माणसाच्या अंगणात गाव जमलं. भावजीचं बोलणं सुरुवातीलाच अडखळलं. मग आंबिवलीकराने सांगितलं की लाकूड ओलं होतं, चूक आमची, चारही गाड्यांची चाकं आम्ही नवी करून देतो. जखमी माणसाच्या थोरल्या भावाने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हटलं की तुम्ही होडीत बसून गेलात की कोण येतंय परत. एक माणूस इथे राहील. चाकं येतील, मग माणूस जाईल.

त्याचा डोळा भावजीवर होता, कारण आमच्यात तोच धडधाकट. भावजी एक पाऊल मागे सरकला. पण लोहार इथे अडकला तर धावा कोण चढवणार, आणि सुतार अडकला तर चाकं कोण करणार? उरले मी. मी भाता ओढणारी, माझ्यावाचून काम अडणार नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं. थोरला भाऊ म्हणाला, बाई ठेवून काय करू? मी म्हटलं की कारखान्यात माझाही हिस्सा आहे, यांच्याइतकाच. ते खरं आहे का, असं त्याने त्या दोघांना विचारलं. भावजी खाली बघत होता. आंबिवलीकर म्हणाला, "खरं आहे. चौघांतली एक मालकीण आहे ती."

होडी सुटताना भावजी मला म्हणाला, "वहिनी, घाबरू नका, मी आहे." आंबिवलीकर वल्ह्याजवळ जाऊन बसला.

मला त्यांनी त्याच घरात ठेवलं. घर शाकारलेलं, मागे मिठागर. त्या घरात कोणी माझ्यावर हात उगारला नाही की शिवी दिली नाही. पण मी भांड्याला हात लावला की जखमी माणसाची बायको ते भांडं माझ्या हातातून काढून घ्यायची. मी अंगण झाडलं तर ती पुन्हा झाडायची. जखमी माणूस ओसरीवर पडून असायचा. पायाला पाल्याचा लेप आणि बांबूच्या कामट्या बांधलेल्या. वास यायचा. माशा हाकायला त्याची म्हातारी आई बसलेली असायची, आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर. दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

एका दुपारी आई पाणी आणायला गेली असताना तो माझ्याकडे वळून बघायला लागला. वय तिशीच्या आतलं, डोळे तापाने लाल.

"लाकूड ओलं हाय, ते तुमाला ठावं व्हतं?"

"नाही."

"खोटं नको बोलू."

"ठाऊक नव्हतं. बघायला पाहिजे होतं."

त्याने तोंड भिंतीकडे केलं. पुढचे कित्येक दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

मला वाटलं होतं की आठवडाभरात होडी येईल. आठवडा गेला. मी ओहोटीच्या वेळी खाडीवर जाऊन उभी राहायची. सुरुवातीला कोणी अडवलं नाही. मग एके दिवशी कल्याणहून लाकूडफाटा घेऊन आलेल्या होडीवाल्याने धक्क्यावर बातमी सांगितली की नागड्या गाड्यांच्या कारखान्यात भट्टी थंड पडली आहे. तिथला लोहार पेठेतल्या शेठकडे परत कामाला लागला.

संध्याकाळपर्यंत ती बातमी घरोघर गेली होती. थोरला भाऊ अंगणात आला आणि त्याने मला विचारलं की हे खरं का. मी म्हटलं, मला माहीत नाही. तो म्हणाला की तुझा दीरच ना तो? मी मान हलवली. त्या दिवसापासून मला खाडीवर जायला मनाई झाली.

भावजीने असं केलं असेल यावर माझा विश्वास बसेना, आणि तरी बसत होता. त्याला तीन पोरं होती. शेठकडे दर आठवड्याला पगार हातात पडायचा. मी इथे असेपर्यंत कारखान्यातून कोणालाच काही मिळणार नव्हतं. आणि दुसरा विचार त्याहून वाईट होता. आंबिवलीकराला मी हिश्शात नकोच होते. त्याने काही करायचं नव्हतंच, फक्त यायचं नव्हतं. त्याला कोणी दोष दिला नसता. लोहारच पळाला म्हटल्यावर सुताराने काय करायचं?

म्हातारी माझ्या शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिने वर न बघता विचारलं, "तुजी मानसं येतील कं?"

"येतील."

"कशावरनं?"

म्हातारीने हातातलं सूप माझ्याकडे सरकवलं आणि दुसरं घेतलं. मी निवडायला लागले. भांडी काढून घेणाऱ्या सुनेने ते पाहिलं, पण सूप काढून घेतलं नाही.

गावात कुजबुज वाढली होती. कोणी म्हणत होतं की बाईला ठाण्याला पोलिसांत द्या, कोणी म्हणत होतं की पोलीस आपल्यालाच विचारतील बाई का कोंडली. गाड्या उभ्या होत्या. माणसं मीठ डोक्यावरून धक्क्याला नेत होती. पाट्या वाहून बायकांच्या माना अवघडलेल्या आणि प्रत्येक जण त्या घरावरून जाताना ओसरीत डोकावून जायचा. मी तिथे बसलेली असायची. लपायला मला परवानगी नव्हती असं नाही, पण लपावंसं वाटत नव्हतं.

होडी आली ती भर दुपारी. पोरं ओरडत आली म्हणून मला कळलं. मनाई असूनही मी धावले, आणि कोणी अडवलं नाही कारण सगळेच धावत होते. होडीत चाकं रचलेली होती, नवीकोरी, पिवळी. वल्ह्यावर आंबिवलीकर होता. आणि चाकांच्या मधे, गुडघ्यांना फडकं बांधून, बाबा बसले होते.

पण चाकांवर धावा नव्हत्या.

थोरल्या भावाच्या ते लगेच लक्षात आलं. नुसत्या लाकडाचं चाक या बांधावर किती दिवस टिकणार? आंबिवलीकर चिखलात उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की लोहार सोडून गेला. कल्याणातला दुसरा कोणी लोहार शेठच्या भीतीने हात लावायला तयार नाही. दोघा सुतारांनी जेवढं करता आलं तेवढं केलं, लाकूड तीन वर्षांचं वाळलेलं आहे, बघून घ्या. त्याचे हात फोडांनी भरलेले होते. ऐकून माणसं पुढे सरली. कोणीतरी होडीचा दोर धरला. आता तिघंही राहा म्हणत होतं कोणी.

मला तेव्हा एवढंच आठवलं की उभ्या गाड्यांना जुनी चाकं आहेत आणि त्यांच्या धावा धड आहेत. लाकूड खराब होतं, लोखंड नव्हतं. आणि माप सगळ्यांचं एकच.

मी म्हटलं, "जुन्या धावा काढा. त्याच चढवू."

"चढवणार कोन?" थोरल्या भावाने विचारलं.

"मी."

आंबिवलीकराने माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं की मी एकदाही धाव स्वतः चढवलेली नाही. गोवऱ्या रचणं, भाता, पाणी, घण, सगळं केलं होतं. पण लोखंड पुरेसं तापलं की नाही हे नेहमी नवरा ठरवायचा, त्याच्यानंतर भावजी. कमी तापलं तर धाव लाकडावर अर्ध्यात अडकते. जास्त तापलं तर लाकूड जळून ढिलं होतं आणि मग ती धाव कधीही निसटते. आंबिवलीकर ते सगळं बोलू शकला असता. तो म्हणाला, "गोवऱ्या लागतील. आणि पाणी."

गोवऱ्या घरोघरून आल्या. गोड्या पाण्याची टंचाई होती, म्हणून बायकांनी खाडीचं पाणी हंड्यांनी आणलं. जखमी माणसाच्या अंगणात सपाट दगडावर चाक ठेवलं आणि बाजूला धावेभोवती गोवऱ्यांचं कडं रचून पेटवलं. चिमटे धरायला तीन माणसं हवी होती: आंबिवलीकर, थोरला भाऊ आणि त्याचा मधला भाऊ. बाबा खाटेवर बसून बघत होते, पण लोखंडातलं त्यांना कळत नव्हतं आणि ते मधे बोलले नाहीत.

पहिल्या धावेला मी घाई केली. सगळं गाव बघत होतं, मला थांबणं जमेना. "आता" म्हटलं, त्यांनी उचललं, आणि धाव एका बाजूने बसली, दुसऱ्या बाजूने वर राहिली. घण मारले तरी हलेना. गर्दीतून एक जण हसला. थोरल्या भावाने चिमटा टाकून दिला. मी ती धाव पुन्हा ठोकून काढायला लावली आणि पुन्हा विस्तवात घातली.

दुसऱ्यांदा मी थांबले. लोखंड लाल झालं. थोरला भाऊ म्हणाला की आता जळेल सगळं. मी काठी टेकवून पाहिली, नुसता धूर निघाला. थांबले. पुन्हा टेकवली, तेव्हा काठीने भस्सकन पेट घेतला. मी "आता" म्हटलं. धाव चाकावर पडली, लाकडाने पेट घेतला, धुराने काही दिसेना. मी ओरडत होते, घण कुठे पडावा ते सांगत होते, आणि बायका पाणी ओतत होत्या. त्यांत जखमी माणसाची बायकोही होती. लोखंड आवळायला लागलं तसे चाकाचे सांधे करकरले. प्रत्येक आरा आपल्या खाचेत घट्ट बसत गेल्याचा तो आवाज मी आधी शेकडो वेळा ऐकला होता, पण त्या दिवशी तो ऐकून मी लगेच पुढची धाव विस्तवात घालायला सांगितली.

अंधार पडेपर्यंत सगळी चाकं झाली. एक मात्र करपलं. बाबांनी ते बाजूला काढायला लावलं आणि म्हणाले की हे आम्ही परत नेऊ, बदली पाठवू. थोरला भाऊ म्हणाला, पाठवा. त्याने त्यावर माणूस मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गाडी मिठाने खच्चून भरली आणि त्याच बांधावर नेली. चालवायला कोणी पुढे येईना, तेव्हा आंबिवलीकर जुवाशी जाऊन बसला. मी चाकाच्या बाजूने चालत गेले. माझ्या डोळ्यांपुढे तोच चिरलेला तुंबा होता. चढावर बैल थांबले, गाडी थोडी मागे सरकली. मग बैलांनी पुन्हा जोर केला आणि गाडी वर गेली. धक्क्यावर जाऊन मीठ उतरवलं. सगळे आपापल्या कामाला लागले. त्यांचा हंगाम आधीच अर्धा गेला होता.

निघताना मी ओसरीवर गेले. जखमी माणूस जागा होता. त्याचा ताप उतरला होता, पण पाय आता सरळ होणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं. त्याने विचारलं की गाडी चढली का. मी चढली म्हटलं. त्याने डोळे मिटले. म्हातारीने मला पाटीभर मीठ आणि सुकट बांधून दिली, आणि सुनेने ते डोक्यावर ठेवायला हात लावला.

होडीत बाबा झोपी गेले. भरतीबरोबर आम्ही वर चाललो होतो. कळवा मागे पडला तेव्हा मी आंबिवलीकराला विचारलं की भावजी गेल्यावर तुमच्या मनात काय आलं.

तो वल्हं मारत राहिला. मग म्हणाला, "न येण्याचं आलं. दोन दिवस आलं. बाबांनाही बोललो."

"मग?"

"बाबा रंधा घेऊन बसले. त्या गुडघ्यांनी ते एकटेच करायला लागले, मग मला बसवेना."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याने खोटं बोलून मला बरं वाटू दिलं असतं, तर पुढे त्याच्याबरोबर एका छपराखाली काम करणं मला जड गेलं असतं.

भावजी पावसाळ्याच्या तोंडावर परत आला. कारखान्याच्या बाहेर उभा राहिला. शेठशी त्याचं बिनसलं होतं. म्हणाला की पोरांची तोंडं बघून गेलो, वहिनी, तुम्हाला सोडायचं म्हणून नाही. मला ते खरं वाटलं. बाबांनी नेहमीप्रमाणे एकेकाला विचारलं. आंबिवलीकर म्हणाला की वहिनी म्हणतील तसं. मी म्हटलं की काम करू दे, हिश्शाचं पुढे बघू. तो आत आला, भाता धरून बसला. लोखंड मी चिमट्यात धरलं होतं आणि "आता" मीच म्हणत होते. चार-पाच दिवस त्याने काम केलं. मग एका सकाळी आला नाही. मुंबईला गोदीत लागल्याचं नंतर त्याच्या बायकोकडून कळलं. मी तिच्याकडे सणासुदीला जात राहिले, पण त्याच्याबद्दल आम्ही दोघी फारसं बोललो नाही.

करपलेल्या चाकाच्या बदलीचं चाक आम्ही पावसाआधी पाठवलं. बाळकुमातून त्यानंतर बरीच वर्षं नवी गाडी कोणी मागितली नाही. जखमी माणूस काठी घेऊन चालायला लागला आणि धक्क्यावर मीठ मोजून घेण्याचं काम त्याला मिळालं, असं होडीवाले सांगत. आमच्या गाड्या पुढे कळव्यात गेल्या, आंबिवलीकडे गेल्या. बाभळीचं खोड मात्र बाबा असेपर्यंत आम्ही कधी पावसाळ्यानंतर घेतलं नाही, आणि ते गेल्यावरही नाही.